ओटमील स्टाउट चाखताना आणि जोखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, वाशी, बेलापूरकडची आम्ही काही मंडळी अधूनमधून एकत्र बसतो, लेबल झाकून बिअर चाखतो, गुण देतो आणि मग त्या गुणांवरून भांडतो. नवीन माणूस आला की प्रश्न ठरलेले असतात, आणि ओटमील स्टाउटच्या दिवशी ते जरा जास्तच येतात. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. जिथे जाणकारांतही दुमत आहे, तिथे मी माझं मत दिलं आहे. पटलं नाही तर पुढच्या बैठकीला या.

ओटमील स्टाउट म्हणजे नेमकं काय?

स्टाउट म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. बार्लीच्या माल्टबरोबर ओट्स घालून केलेली काळपट, मध्यम ताकदीची इंग्लिश वळणाची स्टाउट ती ओटमील स्टाउट. ओट्सचं प्रमाण एकूण धान्याच्या साधारण ५ ते २० टक्के. बाकी साधा माल्ट, थोडा कॅरॅमल माल्ट आणि रंग-चवीसाठी चॉकलेट माल्ट किंवा भाजलेली बार्ली. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं. बार्लीचा माल्ट सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की तो तसा दिसतो आणि थोडा तसा लागतोही.

आम्ही गुण देताना बीजेसीपी, म्हणजे बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम या १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेची नियमावली वापरतो. तिच्या २०२१च्या आवृत्तीत ओटमील स्टाउटचा क्रमांक १६-बी आहे. अल्कोहोल ४.२ ते ५.९ टक्के, कडवटपणा २५ ते ४० आयबीयू, रंग २२ ते ४० एसआरएम, म्हणजे गडद तपकिरीपासून काळ्यापर्यंत. हे आकडे पाठ करायची गरज नाही. ग्लास हातात आल्यावर ते दिसत नाहीत.

यात ओट्सची चव कशी ओळखायची?

बहुतेक वेळा ओळखता येत नाही, आणि तो तुमचा दोष नाही. ओट्सची चव मुळातच सौम्य असते. फार तर धान्याचा, शेंगदाण्याकडे झुकणारा एक हलका पदर लागतो. ब्रुअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, ओट्स आधी भाजून घेतले असतील तर बिस्किटाचा वास येतो. चॉकलेट माल्टच्या धडाक्यापुढे यातलं किती टिकणार?

ओट्स सापडतात ते पोतात. त्यांच्यात बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू भरपूर असतो. तो पाण्यात विरघळला की द्रव दाट आणि बुळबुळीत होतो, आणि यीस्टला तो खाता येत नसल्यामुळे आंबवण संपल्यावरही बिअरमध्ये राहतो. जोडीला ओट्समधली प्रथिनं आणि थोडं तेल. या तिघांमुळे घोट जिभेवरून रेशमासारखा सरकतो. न गाळलेली भाताची पेज तोंडात कशी फिरते ते आठवा. त्याच जातीचा अनुभव, फक्त कितीतरी सौम्य.

तेव्हा पहिल्याच घोटाला ‘ओट्स कुठेत?’ म्हणून चवीत शोधत बसू नका. घोट जिभेवर एकदा पसरू द्या, टाळूला लावा, मग गिळा.

मग गोड लागली तर ती ओट्समुळेच ना?

नाही. नवख्या परीक्षकांचे सगळ्यात जास्त गुण इथेच चुकीच्या रकान्यात जातात. गोडवा आणि गुळगुळीतपणा तोंडात एकदमच येतात, त्यामुळे मेंदू दोन्हींचं एकच गाठोडं बांधतो. ब्रुअरलाही हे ठाऊक असतं. काही जण मूठभर ओट्स टाकतात, भरपूर कॅरॅमल माल्ट घालतात, बिअर गोड आणि जाड करतात आणि लेबलवर ओटमील लिहून मोकळे होतात. लोक म्हणतात, वा, काय स्मूद आहे!

वेगळं करायची एक सोपी रीत आहे. घोट गिळल्यावर दहापर्यंत मोजा. गोडवा असेल तर तो जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला रेंगाळतो, ओठ एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात, आणि अर्ध्या ग्लासानंतर पाणी प्यावंसं वाटतं. ओट्सचा पोत असेल तर घोट तोंडात असताना भरदार लागतो, पण गिळल्यावर मागे काही उरत नाही. तोंड स्वच्छ होतं, कॉफीचा हलका कडवटपणा राहतो आणि हात आपोआप पुढच्या घोटाकडे जातो. उत्तम ओटमील स्टाउट दाट असूनही बऱ्यापैकी कोरडी, म्हणजे मागे गोडवा न ठेवता, संपू शकते. या शैलीतली सगळी कारागिरी माझ्या मते याच विरोधाभासात आहे. गोड करून दाट करणं कुणालाही जमतं.

नियमावली शेवट मध्यम गोड ते मध्यम कोरडा असा बराच मोठा पट्टा देते. इंग्लिश वळणाच्या बाटल्या गोडाकडे आणि फळांच्या वासाकडे झुकतात. अमेरिकन ब्रुअर हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, जास्त वापरतात आणि गोडवा कमी ठेवतात. दोन्ही चालतं. आपल्याला कोरडी आवडते म्हणून गोडसर बाटलीचे गुण कापणं हा परीक्षकाचा अहंकार.

ड्राय स्टाउट, मिल्क स्टाउट आणि ही, यांत फरक कसा करायचा?

आयरिश ड्राय स्टाउट, म्हणजे गिनेसच्या कुळातली: हलकी, कोरडी, भाजलेल्या बार्लीचा ठसठशीत कडवटपणा. मिल्क किंवा स्वीट स्टाउटमध्ये लॅक्टोज ही दुधातली साखर घालतात. ती यीस्टला पचत नाही म्हणून गोडी तशीच उरते. ओटमील स्टाउट या दोघींच्या मध्ये बसते. इम्पिरियल स्टाउट वेगळीच दुनिया आहे, ८ टक्क्यांपासून पुढे. तिच्याशी तुलना करून ‘ही पातळ आहे’ असा शेरा लिहू नका. असे शेरे आम्ही पाहिले आहेत.

काळी आहे म्हणजे कडक असणार ना?

रंग भाजलेल्या माल्टचा, अल्कोहोल आंबलेल्या साखरेचं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. गिनेसची ड्राफ्ट काळीकुट्ट असूनही ४.२ टक्क्यांची असते, आणि आपल्याकडची पिवळीधमक स्ट्राँग लागर ८ टक्क्यांपर्यंत जाते.

यात एक गंमत आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ५ टक्क्यांच्या वरची बिअर ‘स्ट्राँग’ गणली जाते. त्यामुळे साडेपाच टक्क्यांची अतिशय मवाळ ओटमील स्टाउट कॅनवर स्ट्राँग म्हणून मिरवते आणि ती घेऊन गेलेल्या माणसाची निराशा होते.

ओट्स आहेत म्हणजे थोडी तरी पौष्टिक?

हीच जाहिरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये आजारी, अशक्त माणसांसाठी, बाळंतिणींसाठी म्हणून ‘शक्तिवर्धक’ स्टाउट विकायची लाट आली. स्कॉटलंडमधल्या ॲलोआ गावच्या मॅक्ले ब्रुअरीने १८९०च्या दशकात ओट्सच्या माल्टची स्टाउट काढली, तिच्यात ओट्सचं प्रमाण खरोखर भरघोस होतं. ती चालली म्हटल्यावर इतरांनी आपल्या नेहमीच्याच स्टाउटच्या कढईत ओट्सची चिमूट टाकून ‘ओटमील’ हे नाव लावायला सुरुवात केली. नाव कायद्यात बसण्यापुरते ओट्स, बाकी सगळं जुनंच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडात तिचा खप जोरात होता, मग ती जवळजवळ संपली.

तिला परत आणलं यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने, १९८० साली, तेही मर्चंट डू व्हिन या अमेरिकन आयातदाराच्या सांगण्यावरून. आज जगभर जी ओटमील स्टाउट बनते तिचा नमुना बहुतांशी तीच बाटली. म्हणजे ‘जुनी इंग्लिश परंपरा’ म्हणतात तिचं आजचं रूप अमेरिकेच्या मागणीतून घडलेलं आहे.

पौष्टिकतेचं म्हणाल तर सकाळी दुधात ओट्स खा. आणि ग्लुटेन न चालणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये; मुख्य धान्य बार्लीच आहे.

किती थंड असावी? आमच्याकडे तर बर्फासारखीच देतात.

१० ते १३ अंश सेल्सिअस. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवलेली बाटली काढून लगेच ओतली तर वास जवळपास बंद असतो आणि पोत पातळ भासतो. मे महिन्यात ठाण्यात पंखा लावून बसला असाल तर दहाएक मिनिटं बाहेर ठेवली तरी पुरे. जानेवारीत थोडी जास्त. फ्रीझरमधला पांढरा पडलेला मग कुणी पुढे केला तर नम्रपणे साधा ग्लास मागा. त्या मगमधलं गोठलेलं पाणी बिअरमध्ये उतरतं आणि फेसही बिघडवतं.

ग्लास वरच्या बाजूला थोडा निमुळता, काचेचा आणि खरोखर स्वच्छ हवा. भांड्यांच्या साबणाचा पातळ थर राहिला तरी फेस बसतो. ओठांना चिवड्याचं तेल असेल तरी तेच होतं, आणि मग चवथ्या कोपऱ्यातून कुणीतरी ‘फेस टिकत नाही’ म्हणून दिसण्याचा गुण कापतो.

येण्याआधी काही पथ्य?

अत्तर, डिओ, सिगरेट नको. उदबत्ती लावलेल्या खोलीत आम्ही बसत नाही. मामलेदारची मिसळ खाऊन थेट येऊ नका; ती खायलाच हवी, पण बैठक संपल्यावर. तिखटाने जीभ पेटलेली असताना भाजलेल्या माल्टचा कडवटपणा दुप्पट लागतो. दोन नमुन्यांच्या मध्ये साधं पाणी आणि लादीपाव. खारी नको, तिच्यात तूप-डालडा असतं आणि तो तेलकट थर नेमका पोताच्या परीक्षेत लुडबूड करतो.

चाखायचा क्रम काय?

ओतल्याबरोबर नाक. सगळ्यात आधी, दिसण्याकडे नीट बघायच्याही आधी, कारण काही वास पहिल्या मिनिटातच उडून जातात. लांब श्वास घेऊ नका. दोन-तीन छोटे हुंगे, मग नाक बाजूला, मग ग्लास हलकेच फिरवून पुन्हा. कॉफी, कोको, भाजलेलं धान्य, थोडं कॅरॅमल, थोडी सुकी फळं, कधी दूध घातलेल्या कॉफीचा भास. हॉप्सचा वास असला तर मातकट किंवा फुलांचा, तोही मागच्या बाकावर बसलेला.

मग ग्लास उजेडाकडे धरा. कडेला लालसर-तपकिरी झाक दिसते, फेस खाकी ते तपकिरी आणि दाट हवा. काळ्या बिअरमध्ये गढूळपणा शोधण्यात वेळ घालवू नका.

मग घोट, आणि तो चहाच्या चमच्याएवढा नको. तोंड भरेल इतका घ्या. परीक्षणात प्रत्येकाला ६० ते ९० मिलिलिटर मिळतं, म्हणजे तीन-चार चांगले घोट. पहिला घोट चवीसाठी. दुसरा फक्त पोतासाठी. तेव्हा चवीचं काही लिहायचं नाही. तिसरा ग्लास थोडा तापल्यावर. चांगली ओटमील स्टाउट तापताना उलगडते आणि वाईट असेल तर तिचे दोष तेव्हा ओरडायला लागतात. वाइनवाले थुंकतात, आम्ही गिळतो, कारण हॉप्सचा कडवटपणा आणि शेवट गिळल्यावरच पुरता कळतो. म्हणूनच एका बैठकीत आठ-दहापेक्षा जास्त नमुने नकोत. त्यानंतर दिलेले गुण हे औदार्य असतं.

५० गुण कसे वाटायचे?

वास १२, दिसणं ३, चव २०, पोत ५, एकूण ठसा १०.

आता गोची लक्षात आली असेल. ज्या शैलीची ओळखच पोतात आहे, तिला पोतासाठी ५० पैकी फक्त ५ गुण. ही विभागणी सगळ्या शैलींना सरसकट लागू आहे, बदलता येत नाही. मग ओट्सविना केलेली, बाकी छान असलेली स्टाउट ४२ घेऊन जाऊ शकते का? नुसत्या बेरजेने जाऊ शकते. म्हणून ‘एकूण ठसा’चे १० गुण या शैलीत डोळे मिटून द्यायचे नसतात. तिथे एकच प्रश्न विचारा: ही ओटमील स्टाउट म्हणून आणली आहे, तर तशी आहे का? पोतात ओट्सचा मागमूस नसेल तर मी तिथे ५च्या वर जात नाही. काही जण म्हणतात, हे एकाच गोष्टीला दोनदा मारणं झालं. मला ते मान्य नाही. शिऱ्यात रवाच नसेल तर ‘गोडी मात्र छान’ म्हणून पहिला नंबर द्यायचा का?

एकूण गुणांचा अर्थ असा: ४५ ते ५० अप्रतिम, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० जेमतेम, १३ किंवा खाली म्हणजे गंभीर दोष. १३च्या खाली सहसा कुणी उतरत नाही. समोरच्याने मेहनत केलेली असते.

एखादा नमुना भरून दाखवाल का?

समजा असा ग्लास आला.

वास, ९. कोको ठळक, मागे बिस्किट, अगदी हलकं मनुकांचं फळ. दोष नाही. थंड असताना वास दबलेला होता, तापल्यावर सुटला. ओट्सचा वेगळा वास नाही, पण त्याचे गुण कापायचे नाहीत. तो असलाच पाहिजे असं नाही.

दिसणं, ३. काळसर तपकिरी, फेस खाकी, पाच मिनिटं टिकला.

चव, १४. सुरुवातीला दुधातल्या चॉकलेटसारखी, मध्ये कॉफी, इथपर्यंत छान. शेवटाला राखेचा कोरडा कडवटपणा येतो आणि तो प्रत्येक घोटाला वाढत जातो. भाजलेली बार्ली जास्त पडली असावी.

पोत, ४. भरदार, रेशमी, ओट्स स्पष्ट. शेवटाला हिरड्यांवर किंचित तुरटपणा, म्हणून पाचवा गुण राहिला.

एकूण ठसा, ७. शैलीत पक्की बसते. अर्धा ग्लास आनंदाने संपतो, पूर्ण ग्लास मात्र जड जातो. काळं धान्य थोडं कमी केलं तर ही ४०च्या वर जाईल.

बेरीज ३७. बघा, प्रत्येक रकान्यात काय लागलं ते आधी आहे आणि निवाडा नंतर. ‘मस्त’, ‘स्मूद’, ‘बॅलन्स्ड’ एवढंच लिहिलेला कागद ब्रुअरच्या काही कामाचा नाही. ‘यीस्ट बदला’ असा ठाम सल्लाही देऊ नका. तुम्ही त्याच्या टाकीत डोकावलेलं नाही.

कोणते दोष हमखास सापडतात?

डायॲसिटिल पहिलं. सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नचा वास. यीस्टने आपलं काम पूर्ण करायच्या आत बिअर थंड केली किंवा यीस्टपासून वेगळी काढली की ते मागे उरतं. ओटमील स्टाउटमध्ये ते जास्त फसवं, कारण डायॲसिटिलही जिभेवर तुपकट, निसरडा थर देतं आणि लोक त्याला ओट्स समजून खूश होतात. निकाल नाकावर लावायचा. नाकात लोणी आलं तर जिभेवरचा गुळगुळीतपणा संशयाने बघा. नाक स्वच्छ असेल तर श्रेय ओट्सना द्या.

तुरटपणा दुसरा. कडवटपणा जिभेला लागणारी चव आहे; तुरटपणा ही चव नसून हिरड्या आणि गालांच्या आतली आवळ आहे, कच्चं जांभूळ चावल्यावर येते ती. धान्य फार गरम पाण्याने, फार वेळ धुतलं की टरफलातलं टॅनिन उतरतं.

आंबटपणा जरा विचार करून लिहा. काळा माल्ट स्वतःच थोडा आम्लधर्मी असतो, त्यामुळे कॉफीत असते तेवढी आंबट धार चालते. ताकाचा किंवा व्हिनेगरचा आंबटपणा मात्र जिवाणूंचा, तो दोषच.

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला हवा लागली आहे किंवा ती उन्हाळ्यात गोदामात तापली आहे. आयात केलेल्या बाटल्यांत हे फार. आपल्या दमट उकाड्यात महिनोन् महिने पडून राहिल्यावर कुणाचंही तेच होईल. डेटॉलचा वास आला तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायचं राहिलं. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची उतरवली.

नायट्रोवर, म्हणजे नायट्रोजन वायू भरून नळातून, दिली तर सगळ्याच स्टाउट मऊ लागतात. मग ओट्स कसे कळणार?

बरोबर पकडलंत. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक असतात आणि फेस सायीसारखा बसतो. गिनेसने ही युक्ती १९५९ साली ड्राफ्टमध्ये आणली. तिच्यात ओट्स नसतात, तरी ती मऊ लागते. कार्बन डायऑक्साइडची टोचणीही नायट्रोत कमी असते, त्यामुळे कडवटपणा आणि वासही थोडे दबतात.

परीक्षणात नायट्रोचा ग्लास आला तर आम्ही अर्धा तसाच चाखतो, उरलेला चमच्याने ढवळून फेस मोडतो, पाच मिनिटं ठेवतो आणि पुन्हा घोट घेतो. वायू गेल्यावरही अंग राहिलं तर ओट्स आहेत. एकदम पाणीदार झाली तर सगळी करामत नळाची होती.

दोन परीक्षकांच्या गुणांत फार फरक पडला तर?

शेवटचे गुण एकमेकांपासून ७च्या आत आणायचे, असा संकेत आहे. एकाने ३१ आणि दुसऱ्याने ४० दिले असतील तर आधी दोघांनी आपापलं वर्णन वाचून दाखवायचं, आकडा नाही. बहुतेकदा एकाला डायॲसिटिल जाणवलेलं असतं आणि दुसऱ्याला जाणवतच नाही. ही जन्मजात संवेदनक्षमता प्रत्येकाची वेगळी असते. वयाने मोठ्या काकांनी ३१ म्हटलं म्हणून मान डोलावू नका. आमच्या टेबलावर मतं बोलण्याआधी कागदावर उतरवायची सक्ती याचसाठी आहे.

ओट्सच्या जागी नाचणी घालून केली तर?

करा की, चवीला छान होते. भाजलेल्या नाचणीचा मातकट-गोडसर वास काळ्या माल्टशी जुळतो. पण ओट्सइतकं बीटा-ग्लुकन नाचणीत नाही, तो रेशमीपणा येणार नाही. स्पर्धेत ती १६-बीमध्ये पाठवली तर मार खाईल. ‘पर्यायी धान्याची बिअर’ असा ३१-ए हा स्वतंत्र वर्ग आहे, तिथे पाठवावी.

इथल्या पाण्याचा काही फरक पडतो का?

पडतो, आणि काळ्या बिअरमध्ये जास्त. डब्लिन आणि लंडनच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, ते काळ्या माल्टचं आम्ल मारतं. त्या शहरांत स्टाउट आणि तिची पूर्वज काळी बिअर पोर्टर रुजायला हेही एक कारण होतं. नवी मुंबईचं पाणी मुख्यतः खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं, पावसावर भरणारं. अशा पाण्यात सगळं काळं धान्य सुरुवातीलाच टाकलं की सामू फार खाली जातो आणि चव टोकदार, जळकी होते. जाणते ब्रुअर क्षार घालून पाणी दुरुस्त करतात किंवा काळं धान्य शेवटी टाकतात.

घरी करून बघता येईल का?

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, घरी पिण्यापुरती असली तरी. १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. पिण्यासाठीसुद्धा त्याच कायद्याखाली परवाना लागतो. दुकानात एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा आणि कायमचाही काढता येतो. बिअरसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. आमच्याकडे याबाबत सूट नाही.

शाकाहारी माणसाला चालेल का?

बहुतेक ओटमील स्टाउट चालतात, पण विचारून घ्या. बिअर नितळ करायला इंग्लंडमध्ये आयसिंग्लास वापरायची जुनी पद्धत आहे, आणि ते माशाच्या पोटातल्या वायूच्या पिशवीपासून बनतं. आपल्याकडे घोळ माशाचं बोत, म्हणजे हीच पिशवी, सोन्याच्या भावाने का जातं याची चर्चा कोळीवाड्यात ऐकली असेल. बिअर-वाइन गाळणं हा अशा बोतांचा एक उपयोग. काळ्या बिअरला नितळपणाची निकड नाही, म्हणून अनेक ब्रुअर या भानगडीत पडत नाहीत. सॅम्युअल स्मिथची तर पूर्ण व्हीगन आहे.

सोबत काय खावं?

परीक्षण संपल्यावर विचारताय ना? मग कालवं. व्हिक्टोरियन लंडनमध्ये ऑयस्टर आणि स्टाउट ही साध्या माणसाची जोडी होती. आपल्याकडे कांदा-खोबऱ्यात परतलेलं कालवांचं सुकं आहे, फक्त तिखट हात राखून. समुद्राचा खारटपणा कोकोचा वास वर आणतो. मटणाचं सुकंही चालतं. झणझणीत रस्सा मात्र नको, दोघांचंही नुकसान होतं. गोडात खरवस. श्रीखंड आंबट पडतं.

येताना गाडी आणू का?

नको. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि सहा-सात नमुन्यांनंतर तुम्ही तिच्या कुठल्या बाजूला आहात हे तुम्हाला सांगता येणार नाही. पाम बीच रोडवर रात्री नाकाबंदी असते. ट्रान्स-हार्बर लोकल आहे, रिक्षा आहे.

उरलेली ग्राउलर किती दिवस टिकते?

ग्राउलर म्हणजे नळावरून भरून घेतलेली मोठी बाटली. न उघडता, फ्रिजमध्ये, उभी ठेवून दोन-तीन दिवस. उघडल्यावर त्याच रात्री संपवा. दुसऱ्या दिवशी वायू गेलेला असतो, पण तेव्हा ओट्सचा पोत उघडा पडतो, म्हणून अर्धा कप अभ्यासासाठी ठेवायला हरकत नाही. बाकीची चॉकलेट केकच्या मिश्रणात दुधाऐवजी जाते.